इकडून जातंय, तिकडे येत नाही

नवरात्रीला अकरा दिवस राहिले होते. तालमीची जागा म्हणजे डोंबिवलीतल्या एका सोसायटीचं तळमजल्यावरचं सभागृह. एका भिंतीला प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत, दुसऱ्या भिंतीला अजून न नेलेलं गणपतीच्या मखराचं थर्माकोल. लॅपटॉपवर मी ट्रॅक सुरू केला. ढोलकचा लूप आला, बास आला, व्हायोलिनची गादी आली. ज्या सिंथमधून मुखड्याची धून यायची, तो मात्र ढिम्म. पॅनेलवरचे दिवे लागलेले. हाताने पट्ट्या दाबल्या तर आवाज उत्तम. लॅपटॉपच्या पडद्यावर नोटा एकामागून एक सरकताना दिसत होत्या.

"इकडून जातंय की," मी म्हणालो.

"तिकडे येत नाही," ऑक्टोपॅडवाला म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

ऑर्केस्ट्राच्या धंद्यात हा संवाद मी वीस-बावीस वर्षं ऐकतोय. जागा बदलते, माणसं बदलतात, वाक्यं हीच. पुढचे दोन तास मी तेच केलं जे अशा वेळी सगळे करतात. केबल काढून पुन्हा लावली, मग दुसरी लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. सिंथच्या मेन्यूत शिरून जे दिसेल ते मागेपुढे केलं. शेवटी तर केबलच्या टोकावर फुंकर मारली. गायिकेचा तिसरा चहा झाल्यावर तिने नुसतं घड्याळाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सिंथ बॅगेत घालून मी लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण तिथे ट्रान्झिस्टर घ्यायला जाणाऱ्या कुणाच्या तोंडून ते मी अजून ऐकलेलं नाही. एका इमारतीच्या मधल्या मजल्यावर, जिन्याला लागून, काकांचा गाळा आहे. त्यांनी नाव छापू नकोस म्हणून बजावलंय, म्हणून काकाच म्हणतो. चाळीस वर्षं ते वाद्यं उघडतायत.

पण काकांकडे शिरण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. आपल्याकडे घरात कुठलाही कीबोर्ड आला की तो "कॅसिओ", आणि त्याच्या मागे लागलेली कुठलीही वायर म्हणजे "आवाजाची वायर". मिडीच्या, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलायच्या भाषेच्या, वायरमधून आवाज जात नाही. एक टिपूसही नाही. त्यातून जातात फक्त आकडे. मी मधला सा दाबला तर १४४, ६०, १०० असे तीन आकडे जातात. १४४ म्हणजे "पहिल्या चॅनेलवर नोट सुरू कर", ६० म्हणजे कुठली पट्टी, १०० म्हणजे किती जोरात. बस. आवाज कुठला, बासरीचा की सनईचा, गोड की कर्कश, ते पलीकडच्या यंत्राने पाहायचं.

मुलाच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला वाण्याकडे पाठवावं, तसं हे आहे. चिठ्ठीत तूरडाळ नसते, "तूरडाळ १ किलो" असं लिहिलेलं असतं. आता घरी डाळ आली नाही, तर काय काय झालेलं असू शकतं? मुलगा वाटेत खेळत बसला असेल. दुकान बंद असेल. चिठ्ठी दुसऱ्याच वाण्याच्या नावाची असेल. वाण्याने वाचली, पण डाळच संपली असेल. स्वयंपाकघरात बसून मात्र एवढंच कळतं की डाळ आली नाही. आणि मिडीचा मुलगा तर परतही येत नाही. जी वायर सांगते ती ऐकत नाही. उत्तराला दुसरी वायर लागते, आणि ती असली तरी "पोचलं बरं का" असं कुणी कळवावं हा नियमच नाही. लॅपटॉप अख्खं गाणं भिंतीला सांगत बसेल आणि पडद्यावर सगळं कसं छान चाललेलं दिसेल.

ही त्रुटी विसरून राहिलेली नाही, तो त्या वेळचा व्यवहार होता. १९८० च्या सुमाराला प्रत्येक कंपनीचा सिंथ फक्त आपल्या जातीच्या सिंथशी बोलत असे. रोलँडची स्वतःची डीसीबी नावाची जोडणी होती; १९८२ च्या जुनो-६० वर ती आहे आणि मिडी नाही. मागचं जाडजूड सॉकेट पाहून "मिडी असेल" म्हणून जुना जुनो-६० घेतलेला माणूस मला ठाऊक आहे. १९८१ च्या उन्हाळ्यात रोलँडचे इकुतारो काकेहाशी अमेरिकेतल्या वाद्यप्रदर्शनात टॉम ओबरहाइम यांच्याशी बोलले की सगळ्यांची मिळून एक भाषा असावी. ओबरहाइमनी ती गोष्ट सिक्वेन्शियल सर्किट्सच्या डेव्ह स्मिथ यांच्या कानावर घातली. त्याच नोव्हेंबरात स्मिथ आणि चेट वुड यांनी ध्वनी-अभियंत्यांच्या परिषदेत एक प्रस्ताव मांडला. त्यात वेग कमी होता आणि गिटारला असतो तसा पाव इंची जॅक होता. मग जपानी कंपन्यांशी, म्हणजे रोलँड, यामाहा, कोर्ग आणि कावाईशी, पत्रं आणि बैठका झाल्या. वेग वाढला, पाच पिनांचा गोल जॅक आला. जानेवारी १९८३ मध्ये अ‍ॅनाहाइमच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका वायरीने जोडले, आणि एकाच्या पट्ट्या दाबल्यावर दुसरा वाजला. त्याच वर्षी नियमपत्र छापून आलं, आणि त्यासाठी कुणाकडून रॉयल्टी घेतली नाही. या कामासाठी २०१३ साली काकेहाशी आणि स्मिथ दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळाला. २०१७ मध्ये काकेहाशी गेले, २०२२ मध्ये स्मिथ.

काकेहाशींची एक गोष्ट काका नेहमी सांगतात, त्यांना ती आपली वाटते. महायुद्धानंतर, ऐन पोरवयात, काकेहाशींनी घड्याळं दुरुस्त करायचं दुकान काढलं होतं, मग रेडिओ. "तो आधी आमच्या जातीचा," काका म्हणतात, "कंपनीवाला नंतर."

गाळ्यात एका वेळी दोनच माणसं उभी राहू शकतात. मी सिंथ टेबलावर ठेवला आणि आदल्या संध्याकाळची हकिकत सांगायला लागलो. काकांनी हात वर केला.

"पट्ट्या दाबल्यावर वाजतो?"

"हो."

"मग आवाजाचं काही सांगू नकोस. कुणी बोलायचं आणि कुणी ऐकायचं, तेवढं सांग."

"लॅपटॉपने बोलायचं, याने ऐकायचं."

त्यांनी खणातून एक पाच पिनांचं सॉकेट काढलं. मिडी केबलचं टोक त्यात बसतं. मागच्या दोन पिनांना एक लाल एलईडी थेट डकवलेला, वर पारदर्शक टेप. एवढंच हत्यार. विकत मिळत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. मिडीच्या पाच पिनांपैकी काम करतात तीनच. चौथ्या पिनेवर पाच व्होल्ट येतात, २२० ओहमच्या रेझिस्टरमधून. पाचवी पिन तो करंट परत घेते. मधली दुसरी फक्त केबलच्या जाळीसाठी. पहिली आणि तिसरी रिकाम्या. बोलणारं यंत्र गप्प असताना करंट शून्य. बोलायला लागलं की सुमारे ५ मिलिअँपियर चालू-बंद, चालू-बंद, सेकंदाला ३१,२५० ठोक्यांच्या वेगाने. या हिशेबाने एका आकड्याला ३२० मायक्रोसेकंद लागतात आणि तीन आकड्यांची एक नोट मिलिसेकंदाच्या आत पलीकडे पोचते. चौथ्या आणि पाचव्या पिनेच्या मध्ये एलईडी ठेवला तर तो त्या करंटवरच लुकलुकतो.

काकांनी माझ्या लॅपटॉपची यूएसबी-मिडी केबल घेतली आणि तिच्या एका टोकाला हे सॉकेट लावलं. "वाजव."

मी ट्रॅक सुरू केला. दिवा काळा.

"बघ, तुझं बोलणंच बाहेर पडत नाहीये," ते म्हणाले, आणि पुढे काही न बोलता सॉकेट केबलच्या दुसऱ्या टोकाला लावलं. दिवा नाचायला लागला.

या केबलला दोन गोल टोकं असतात. एकावर "इन" छापलेलं, दुसऱ्यावर "आउट". सरळ विचार करणारा माणूस "इन" लिहिलेलं टोक सिंथच्या "इन"मध्ये खुपसतो, आणि फसतो. कारण ते "इन" केबलचं आहे, सिंथचं नव्हे. केबलच्या "इन"ने सिंथच्या "आउट"चं ऐकायचं असतं. काही केबलींवर "हे सिंथच्या इनमध्ये लावा" अशा अर्थाचं लिहिलेलं असतं, मग नियम उलटा. दोन वेगवेगळ्या केबली घरात असल्या की माणूस आयुष्यभर गोंधळतो. मिडीच्या दुरुस्तीत निम्मी बिलं या एका शब्दाची असतील, असं माझं मत आहे. त्याला आकडेवारीचा आधार नाही, काकांच्या मान डोलावण्याचा आहे.

पण माझ्याकडून ही चूक झाली नव्हती. तालमीत मी दोन्ही टोकं लावून पाहिली होती. "मग पुढे," काका म्हणाले.

पुढे जाण्याआधी त्या रिकाम्या पिनांबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. मिडीच्या आधीपासून रोलँडच्या ताल-यंत्रांवर अगदी असंच पाच पिनांचं गोल सॉकेट असे, "सिंक" नावाचं. टीआर-८०८ वर आहे, टीबी-३०३ वर आहे. त्यात पहिली पिन "सुरू कर, थांब" सांगते आणि तिसरी ताल मोजते. म्हणजे मिडीने ज्या दोन पिना सोडल्या, नेमक्या त्याच. जॅक जॅकात घट्ट बसतो, आणि दोघे एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणारे चरणजितसिंग यांनी १९८२ साली टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा रागांची डिस्को तालावरची तबकडी केली. तेव्हा मिडी जन्माला यायचं होतं. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि परदेशात तिचा गाजावाजा झाला. मला ती ऐकताना रागांपेक्षा यंत्रं एका तालात राहिल्याचंच जास्त कौतुक वाटतं, ही माझी विकृती.

आणि ऑक्टोपॅड. नवरात्र असो, लग्नाची वरात असो, बँजो पार्टी असो, महाराष्ट्रात हा शब्द आता ढोलकीइतका घरचा आहे. पण रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ साली आला, तेव्हा त्याच्या पोटात एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड, आणि मागे मिडी आउट. काठी मारली की फक्त आकडे बाहेर. पुढे दुसरं यंत्र जोडलं तरच धा वाजणार. हल्लीचे ऑक्टोपॅड स्वतःचे आवाज घेऊन येतात, त्यामुळे मागचं ते सॉकेट कशासाठी असतं हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आमच्या ऑक्टोपॅडवाल्याने त्यात एकदा हेडफोन घालून पाहिला होता.

आता काकांनी केलं ते मी आधी कधी कुणाला करताना पाहिलं नव्हतं. लॅपटॉपचं बोलणारं टोक त्यांनी सिंथच्या "इन"मध्ये लावलं. मग एक साधी मिडी केबल घेऊन सिंथच्या "थ्रू" सॉकेटात खुपसली आणि तिच्या मोकळ्या टोकाला आपलं एलईडीचं सॉकेट. थ्रू म्हणजे इनवर जे येतं त्याची जशीच्या तशी नक्कल, पुढच्या यंत्राला द्यायला. बहुतेक जुन्या सिंथमध्ये ही नक्कल सिंथच्या डोक्यापर्यंत जातच नाही. दारातूनच वळते.

"आता दिवा लागला तर दार ठीक, दोष डोक्यात. म्हणजे चॅनेल, सेटिंग, असलं काही. नाही लागला तर दारच बंद." त्यांनी मला खूण केली. "नोटा नको. पिच बेंडचं चाक फिरव. नोट एका मिलिसेकंदात निघून जाते, डोळ्याला काय दिसणार? चाक फिरवलं की आकड्यांचा पाऊस पडतो."

मी लॅपटॉपला जोडलेल्या छोट्या कीबोर्डचं चाक गरगर फिरवलं. दिवा काळाच.

स्क्रू काढायला वेळ लागला. चौदा होते. झाकण उघडल्यावर आत वीसेक वर्षांची धूळ, एक मेलेलं झुरळ, आणि मागच्या बाजूला एका छोट्या पट्टीवर तीन गोल सॉकेटं. इनच्या मागे एक रेझिस्टर, एक काचेचा इवलासा डायोड, आणि आठ पायांचा एक काळा चौकोनी किडा. काकांनी टोकदार चिमट्याने त्यावर टिचकी मारली. "ऑप्टो."

ऑप्टोकपलर ही मिडीतली मला सगळ्यात आवडणारी वस्तू. त्या काळ्या किड्याच्या आत एका बाजूला डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचा एलईडी असतो आणि समोर तो उजेड पाहणारा एक डोळा. मध्ये तार नाही. लॅपटॉपकडून आलेला करंट त्या एलईडीपाशी संपतो. सिंथचा करंट पलीकडच्या डोळ्यापासून सुरू होतो. म्हणजे काकांच्या हातातला लाल दिवा जे बाहेर करतो, तेच हा आत करतो. आणि म्हणूनच मिडीच्या इनमध्ये मधल्या दुसऱ्या पिनेला आतून काही जोडायचं नसतं. जोडलं तर दोन यंत्रांच्या अर्थिंगचा एक फेरा होतो, आणि स्पीकरमधून हम्म्म सुरू. मंडपात एक बोर्ड जनरेटरवर, एक शेजारच्या मीटरवर, आणि अर्थिंग म्हणाल तर जमिनीत खुपसलेली एक सळई. असल्या ठिकाणी वाजवणाऱ्या माणसाला हा किडा किती मोलाचा आहे, ते अ‍ॅनाहाइमच्या प्रदर्शनात कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. काही स्वस्त केबलींत तो नसतोच. पैसे वाचतात, आणि मग ऐन आरतीत हम्म्म वाजतं.

ऑप्टो मरतात. केबल चुकीची जोडली, उलटा करंट आला तर तो काचेचा डायोड त्याला वाचवतो, तरी जन्मभर वाचवेल असं नाही. बदलायला गेलं तर दुकानदार "सेमच आहे" म्हणून दुसराच काढून देतो. पाय जुळतात, वेग जुळत नाही. मिडीला चालू आणि बंद होण्यासाठी दोन मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणारा ऑप्टो चालत नाही. मंद ऑप्टो लावला की ठोक्यांच्या कडा झिजतात. कधी वाजतं, कधी नाही, कधी भलतीच नोट. असा अर्धवट दोष पूर्ण मेल्यापेक्षा वाईट, कारण माणूस सॉफ्टवेअर बदलत बसतो. काकांच्या खणात ६एन१३८ ची एक पट्टी कायम असते, खाली त्यांच्या ठरलेल्या माणसाकडून आणलेली.

त्यांनी मीटर बीपवर टाकला. एक टोक सॉकेटच्या चौथ्या पिनेत, दुसरं बोर्डवर तिच्या डागापाशी. बीप. पाचव्या पिनेत. बीप. माझा चेहरा पडला, म्हणजे ऑप्टोच गेला. काकांनी डाव्या हाताच्या बोटाने सॉकेट हळूच खाली दाबलं. बीप बंद. सोडलं, बीप. दाबलं, बंद.

भिंगातून त्यांनी मला दाखवलं. पाचव्या पिनेभोवती सोल्डरच्या चकचकीत टेकाडाला एक केसाएवढी गोल चीर होती. टेकाड जागेवर, पिन जागेवर, दोघांचा संबंध तुटलेला. केबल लावली की तिच्या वजनाने सॉकेट वाकायचं आणि चीर उघडायची. केबल काढून तपासलं तर सगळं ठीक. ड्राय सोल्डर.

"केबल लावूनच बॅगेत घालतोस ना?"

मी गप्प.

"घालतोस."

त्यांनी जुनं सोल्डर ओढून काढलं, पिन घासली, नवीन डाग दिला. तिन्ही सॉकेटांच्या पंधराही पिनांना दिला, एकदा उघडलंच आहे तर. पुन्हा जोडणी. चाक फिरवलं. थ्रूवरचा दिवा नाचायला लागला आणि मी टाळी वाजवली. मग मी लॅपटॉपवर ट्रॅक सुरू केला.

सिंथ ढिम्म.

त्या क्षणी मला जे वाटलं ते छापण्याजोगं नाही. काका मात्र खुर्चीत मागे रेलले आणि पहिल्यांदाच हसले. "दिवा लागतोय. म्हणजे दार उघडं आहे. आता डोक्यात बघायचं. काल रात्री काय काय दाबलंस?"

मला आठवेना. आठवण्याजोगं काही विचारपूर्वक केलंच नव्हतं. मग त्यांनी मेन्यू एकेक पान उघडायला लावलं, आणि प्रत्येक पानावर थांबून ते एखाद्या वाद्याची कुळकथा सांगायचे. यामाहाचा पहिला डीएक्स-७ पाठवताना फक्त पहिल्याच चॅनेलवर पाठवतो, त्याला दुसरा येतच नाही. म्हणून समोरच्याला पहिल्यावर आणा. जुनो-१०६ च्या मागे तीन घरांची एक सरकपट्टी आहे. पहिल्या घरात तो नुसत्या नोटा मानतो. बाकी कितीही बटणं पाठवा, हूं नाही की चूं नाही. आणि जोर तर त्याला कळतच नाही, पट्टी गोंजारा नाहीतर आपटा. "लोकल" नावाचं पान आलं की काका सावध होतात. ते बंद असलं की सिंथच्या पट्ट्या आणि सिंथचा आवाज यांचा घटस्फोट होतो. हाताने काही वाजत नाही, बाहेरून मात्र वाजतं. माणूस सिंथ मेला म्हणून भंगारात विकतो. उलट लॅपटॉप आलेली नोट परत पाठवत असेल आणि लोकल चालू असेल, तर प्रत्येक नोट दोनदा वाजते, आवाज पोकळ पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा. क्लॉकचं पानही असंच. सिंथला "ताल बाहेरून घे" असं सांगून ठेवलं आणि बाहेरून ताल पाठवलाच नाही, तर स्वर आपोआप एकामागून एक वाजवणारा अर्पेजिएटर जन्मभर वाट बघत बसतो. त्याला एका मात्रेत २४ टिचक्या हव्या असतात. आणि सगळ्यात लबाड कारण म्हणजे व्हॉल्यूम. मागच्या गाण्याच्या शेवटी लॅपटॉपने मिडीवरूनच आवाज हळूहळू शून्यावर नेलेला असतो. सिंथ आज्ञाधारक. नोटा येतायत, तो मनापासून वाजवतोय, शून्य आवाजात. पुढचं आवाजाचं बटण पूर्ण फिरवलेलं, तरी शांतता.

चौथ्या पानावर रिसीव्ह चॅनेल होता. तिथे ११ लिहिलं होतं. लॅपटॉप पाठवत होता १ वर.

मिडीच्या एका वायरीत सोळा चॅनेल असतात आणि प्रत्येक यंत्र आपल्या नावाची चिठ्ठी तेवढी वाचतं. ११ कुणी केलं? मीच. तालमीच्या दुसऱ्या तासात, मेन्यूत हात घातल्यावर. म्हणजे संध्याकाळी सातला दोष एक होता आणि नऊला दोन. मी ड्राय सोल्डर शोधत असताना त्याच्यावर स्वतःच्या हाताने दुसरं कुलूप ठोकलं होतं. काकांनी ११ चं १ केलं. गाळ्यात आमच्या गाण्याचा मुखडा वाजला, बारीक स्पीकरमधून, आणि जिन्यातून चहावाला मुलगा डोकावला.

पैसे किती म्हटल्यावर त्यांनी सोल्डरचे तेवढे सांगितले. "चॅनेलचे?" मी विचारलं. "ते तू दे तुला."

हल्ली हा सगळा प्रकार कमी झालाय, आणि वाढलाय. यूएसबीवरून मिडी जायला लागलं त्याला पाव शतक झालं. त्यात नवी गंमत अशी की दोन सिंथ एकमेकांना यूएसबीने जोडता येत नाहीत. दोघेही पाहुणे, यजमान कुणीच नाही. मध्ये लॅपटॉप किंवा तसलं काहीतरी लागतंच. छोट्या यंत्रांवर पाच पिनांच्या जागी हेडफोनसारखा बारीक जॅक आला, तर त्याच्या दोन जाती निघाल्या, ए आणि बी. एकीच्या दोन तारा दुसरीत उलट. २०१८ मध्ये ए जात अधिकृत ठरली, पण बी जातीची जी यंत्रं विकली गेली ती कुठे जाणार? ती आता सेकंडहँड बाजारात आहेत, केबलीशिवाय. आणि जानेवारी २०२० मध्ये मिडी २.० आलं. त्यात दोन यंत्रं आधी एकमेकांना विचारतात, तुला काय काय येतं, मला हे येतं. सदतीस वर्षांनी चिठ्ठी नेणारा मुलगा परत यायला लागला. काकांना मी हे कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. आता दोघं मिळून खोटं बोलतील."

निघताना मी तसलं एलईडीचं सॉकेट मागितलं. उभ्या उभ्या त्यांनी एक बनवून दिलं. लांब पाय चौथ्या पिनेला, आखूड पाचवीला. ते आता माझ्या पाऊचमध्ये कॅपो आणि सेल यांच्याबरोबर असतं.

नवरात्र पार पडली. म्हणजे तिसऱ्या रात्रीचं सोडून. मध्यंतराआधी, धून चालू असताना, रिंगणातून सुटलेलं एक पाच-सहा वर्षांचं पोर स्टेजच्या कडेने पळत आलं आणि त्याचा पाय केबलीत अडकला. केबल सिंथमधून सुटून खाली पडली. नेमकी त्या वेळी पंचमाची नोट सुरू झाली होती. ती थांबवायची आज्ञा लॅपटॉपने नक्कीच पाठवली असणार, पण जमिनीवर पडलेल्या वायरीला. काही वाद्यं दर ३०० मिलिसेकंदांच्या आत "मी आहे, मी आहे" असं कळवत राहतात, आणि ते थांबलं की ऐकणारा सिंथ समजून उमजून सगळे आवाज बंद करतो. माझा लॅपटॉप असं काही कळवत नव्हता. मी पॅनिकचं बटण दाबलं, "सगळ्या नोटा बंद" असं सांगणारं. तेही त्याच वायरीतून जातं.

ट्रॅक संपला, ढोलक थांबला, आणि पंचम चालूच. अखंड, तेलाच्या धारेसारखा. मी सिंथच्या मागचा स्विच चाचपत होतो, अंधारात तो हाताला लागेना. मैदानातली माणसं थबकून स्टेजकडे बघायला लागली. तेवढ्यात गायिकेने माइक तोंडाजवळ नेला आणि त्या पंचमावर आलाप धरला, जणू मागे कुणी तानपुरा लावून दिलाय. दोन मिनिटं तरी गायली असेल. मला स्विच सापडला होता. मी हात तसाच ठेवून बसलो.